चूल मांडायची नाय

हेदकोंडात माणसांपेक्षा कुलपं जास्त. पोलादपूरहून निघालेली एसटी खालच्या फाट्यावर सोडते. तिथून चढण चढून वाडीत शिरलं की पहिल्या दाराला कुलूप, दुसऱ्या दाराला कुलूप, आणि तिसऱ्या दारात कुणी तांदूळ निवडत बसलेलं दिसलं तर ती शकू. तिच्या घरात तुळईला खिळ्यांची एक रांग आहे. वाडीतल्या साऱ्या बंद घरांच्या किल्ल्या त्या खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. आता तिथे नुसते खिळे आहेत. किल्ल्या कुठे गेल्या त्याची ही हकीकत, आणि ती थंड डोक्याने सांगता येण्यासारखी नाही.

किल्ल्या ओळखायची शकूची रीत साधी होती. प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातल्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. हिरवी चिंधी किशोरच्या घराची, कारण त्याची आई आनंदीबाई जन्मभर हिरवं नेसली. घरवाले मुंबईला, ठाण्याला, विरारला. गणपती आणि शिमगा असे दोनदा येणार, आणि येण्याआधी फोन येणार, 'वहिनी, जरा घर बघून ठेव.' हे 'जरा' म्हणजे कोळिष्टकं काढायची, जमीन सारवायची, वानरांनी उस्कटलेली कौलं कुणाला तरी वर चढवून सारखी करून घ्यायची, माळ्यावर सुकी लाकडं रचायची आणि हंडे भरून ठेवायचे. मोबदल्यात एखादं पातळ, मिठाईचा पुडा, आणि 'वहिनी, तू हायस म्हणून आमचं घर हाय' हे वाक्य. वाक्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते भरपूर मिळायचं.

शकूचं माहेर खाली महाडच्या अंगाला, सावित्रीच्या काठी. ती परकर नेसत होती तेव्हा एकदा नदी घरात शिरली आणि आढ्यापर्यंत चढली. बापाने पोरांना खांद्यावर घालून महाड गाठलं. बाजारातल्या एका दुकानदाराच्या बायकोने, ना ओळख ना पाळख, त्यांना आपल्या माडीवर घेतलं. त्या बाईचं नाव शकूला आज आठवत नाही. पण भिजलेल्या शकूच्या आईला ती म्हणाली होती, 'आमच्या चुलीवर रांधा, लाजू नका,' हे मात्र तिला जसंच्या तसं आठवतं. पुढे लग्न होऊन ती हेदकोंडात आली, नवऱ्याबरोबर भांडुपच्या टेकाडावर एका खोलीत राहिली. नवरा गोमाजी गोदामात माल चढवायचा. तो आजारी पडून गेला, तसा धाकटा दीर मुरारी तिला गावी घेऊन आला. वाडीतलं घर दोन्ही भावांचं सामाईक होतं आणि बंद पडायला आलं होतं. 'वहिनी, तू हितं राहा, घराला जाग राहील,' असं तो म्हणाला. खरं बोलायचं तर शकूच त्या घराची किल्ली होती, आणि मुरारीने तिला खिळ्याला टांगून ठेवली होती. अर्धं घर तुझं, असं मात्र तो कधी चुकूनही म्हणाला नाही. लेक महाडजवळच्या वीर गावी दिलेली. जावयाची रिक्षा स्टेशनवर चालते. 'आई, कधी काय झालं तर आमच्याकडं ये,' असं लेक म्हणायची, पण जावयाच्या दारी म्हातारपण काढायची कल्पना शकूला अंगावर पाल पडल्यासारखी वाटायची.

आता रंगूबाईचं.

रंगूबाईचं घर वाडीच्या टोकाला, डोंगराच्या पोटाशी. गेल्या आखाडात घरामागे जमिनीला भेग पडली. पहिल्या दिवशी तिच्यात बोट जात होतं, मग हात जायला लागला. साहेब लोक आले, भेग बघितली, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि 'रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे' अशी नोटीस दारावर डकवून गेले. सुरक्षित ठिकाण कुठलं, ते नोटिशीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागची भिंत बसली, तिच्यामागून आढं बसलं, आणि दार पडलं ते नोटिशीसकट. गॅसची शेगडी, भांडीकुंडी, तांदळाची कणगी सगळं ढिगाऱ्याखाली. त्यानंतर पुन्हा साहेब आले, बैल गेला आणि झोपा केला तसे, आणि या वेळी 'पर्यायी जागा बघायचं चाललंय' असं सांगून गेले. ते अजून चाललंय.

घरात माणसं तीन. रंगूबाई, तिची सून सारिका आणि नात समीक्षा. मुलगा हायवेच्या कामावर असताना गाडीखाली गेलेला. तिघींना शाळेच्या एका वर्गात हलवलं. सारिका हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने बिरवाडीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम धरलं आणि खोली शोधायला लागली. खोलीवाला विचारायचा, माणसं किती? ती सांगायची, मी, माझी सासू आणि पोरगी. की खोली गेलेली असायची. त्याच खोलीत चार-पाच कामगार पोरं कोंबली तर भाडं दांडगं, आणि ती पोरं म्हातारीसारखी दिवसभर नळ उघडत नाहीत. शेवटी सारिका दोन बायकांबरोबर एका खोलीत वळकटी टाकून राहायला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी वाडीत यायची. सासू आणि पोरगी वर्गातच. उन्हाळा संपत आला तसे शाळेचे गुरुजी येऊन उभे राहिले. माणूस भला, त्यांचा चेहराच पडलेला. म्हणाले, "आजी, शाळा सुरू होते आहे. वरून सांगितलंय, वर्ग मोकळा करा म्हणून. मी काय करू?"

शकूने त्याच संध्याकाळी रंगूबाईला सांगितलं, "काकी, माज्याकडं चला."

रंगूबाईने मान हलवली. "चार दिस पावनी म्हनून येईन गो. पाचव्या दिशी तुज्या चुलीपुढं बसले तर मी तुजी मोलकरीन. नि माजी चूल मांडली तर तुजा दीर म्हनंल, म्हातारी वाटा मागायला आली. तुला तरी तिथं कुनी राहू देतंय का मग?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगितलं पाहिजे. या डोंगरात घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे चूल. भाऊ वेगळे झाले की आधी कागद होत नाही, दुसरी चूल होते. एका छपराखाली दोन चुली दिसल्या की बघणारा समजतो, इथे वाटणी झाली. ज्याने जिथे चूल मांडली, ते त्याचं. त्यामुळे पाहुणा कितीही दिवस राहो, तो रांधतो यजमानाच्या चुलीवर. म्हातारीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिची अख्खी हयात एका चुलीपुढे गेली होती, आणि ती चूल आता पावसात विरघळून पडली होती.

शकूची तळपायाची आग मस्तकात गेली. घरात येऊन ती खिळ्यांच्या रांगेपुढे उभी राहिली. एवढी घरं, एवढी कौलं, आणि आत राहतात कोण, तर उंदीर आणि वाळवी. तिने फोन उचलला.

पहिला म्हणाला, "वहिनी, आमच्यात भाऊ पाच. एकानं हो म्हटलं तर दुसरा रुसतो. तुला म्हाईत हाय ना सिस्टम."

दुसरा म्हणाला, "आत देव्हारा हाय गो." शकू म्हणाली, "मग बरंच हाय की. देवाला सोबत होईल." त्याने फोन ठेवला.

तिसऱ्याने तिला कायदा शिकवला. एकदा आत बसलेला माणूस उठत नाही, कोर्टकचेऱ्या होतात, फुकटचं टेन्शन कशाला. हा गृहस्थ स्वतः मुंबईत बापाच्या वेळच्या भाड्यावर एका चाळीच्या खोलीत बसला होता, आणि मालक नाकदुऱ्या काढून थकला तरी उठला नव्हता. शकूने त्याला त्याची आठवण करून दिली. त्यावर तो म्हणाला की ती गोष्ट वेगळी आहे. चौथ्यापासून पुढे सगळ्यांचं उत्तर एकच होतं: मंडळाला विचार.

मंडळ म्हणजे हेदकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई. वाडीत देवळाचा कळस कुठल्या रंगाचा, पालखी कुणाच्या दारात आधी, हे सगळं मुंबईत ठरतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सेक्रेटरी मुरारी. मारुतीच्या देवळात वाडी जमली, मधे मोबाइल ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि पलीकडून मुंबईकर बोलायला लागले. 'विषय गंभीर आहे,' 'सर्वांची संमती हवी,' 'चुकीचा पायंडा नको.' रंगूबाई खांबाला टेकून बसली होती. तिच्याविषयी तासभर बोलणं चाललं, पण तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

शेवटी शकू मोबाइलजवळ सरकली. "किशोर ऐकतोय ना? किशोर, तुजी आई आठ म्हैने अंथरुणाला खिळली व्हती. तिची कूस कोन बदलायचं? तिच्या तोंडात पेज कोन घालायचं? तू रजा नाय म्हनून येत नव्हतास तवा तिचे केस कुनी इंचरले? ह्या रंगूकाकीनंच ना?"

मग किशोर म्हणाला, "ठीक हाय. काकीला राहू दे माज्या घरात. पन एक अट. चूल मांडायची नाय. गॅस नाय, स्टो नाय, काय नाय. नुसतं राहायचं."

पलीकडे टाळ्या झाल्या. मुरारी म्हणाला, किशोरने मन किती मोठं आहे ते दाखवलं. आता यावर काय बोलावं? ज्या घरात रांधायचं नाही त्याला घर कुठल्या तोंडाने म्हणायचं? गोठ्यातल्या गाईलासुद्धा आंबोण गोठ्यातच मिळतं. भीक नको पण कुत्रा आवर, असं रंगूबाईने म्हणायला हवं होतं. पण पाऊस डोक्यावर आला होता आणि पोरगी मांडीवर झोपली होती. ती म्हणाली, "नाय मांडत."

तिने शब्द पाळला. किशोरचं घर तिने आरशासारखं ठेवलं. गळतीखाली पातेली लावली, जमीन सारवली, वाळवीची वारुळं खरवडून काढली. स्वयंपाकघरात आनंदीबाईची जुनी चूल होती, पोतेरं करून ठेवलेली. रंगूबाई तिला रोज सारवायची, हळदीकुंकू लावायची, आणि विस्तव मात्र घालायची नाही. किशोरला फुकटचा राखणदार मिळाला होता, आणि वर उपकार त्याचेच.

आणि जेवायचं काय? शकूने वाडीतल्या बायकांना विहिरीवर गाठलं. लावणीला इथे सावड असते. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. शकू म्हणाली, "तशीच काकीची सावड धरू. आज एकीच्या घरून भाकरी, उद्या दुसरीच्या." कुणी नाही म्हणालं नाही. ज्यांच्या घरी स्वतःलाच जेमतेम, त्यांनी आधी हो म्हटलं. मंडळात एवढी चर्चा झाली होती, इथे घागर भरायच्या आत काम झालं. रंगूबाईनेही सावड फुकट घेतली नाही. गुडघे गेल्यामुळे चिखलात उभं राहवत नव्हतं, म्हणून लावणीच्या दिवसांत ती साऱ्या वाडीची तान्ही पोरं सांभाळायची. पोरं झोळीत, आणि ती एकाच वेळी तीन दोऱ्या ओढत बसलेली.

पण दुसऱ्याची भाकरी ती दुसऱ्याचीच. कोण तिखट जास्त घालायची, कोण मीठ विसरायची. रंगूबाई चकार शब्द काढत नसे. फक्त एकदा शकूला म्हणाली, "गो, हाताला राखेचा वास येईनासा झालाय." शकूने ते ऐकून घेतलं आणि त्या दिवशी तिला स्वतःचं जेवण गेलं नाही.

श्रावणात एकदा पावसाने धरलं ते सोडेना. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला. त्या दिवशीची भाकरी ओढ्यापलीकडच्या घरातून यायची होती, ती आली नाही. शकू पोलादपूरला रेशन आणायला गेलेली, ती तिकडेच अडकली. समीक्षा तापाने फणफणलेली आणि सकाळपासून पोटात काही नाही. रंगूबाईने दुपारपर्यंत वाट बघितली. मग मागच्या पडवीत एक लोखंडी घमेलं होतं, त्यात चार काटक्या पेटवल्या, टोपात मूठभर तांदूळ शिजवले आणि पोरीला गरम पेज पाजली.

कौलारू घरात विस्तव केला की धूर कौलांच्या फटीतून वर येतो, आणि तो साऱ्या वाडीला दिसतो. वाडीतल्याच एकाने त्या धुराचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'किशोरदादा, तुमच्या घरात चूल पेटली.' त्याचं नाव इथे घेत नाही, त्याला अजून वाडीत राहायचं आहे. भिंत बसली तेव्हा ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली होती आणि सगळे गप्प बसले होते. धूर दिसला तेव्हा मात्र एकेकाला कंठ फुटला.

गणपतीला थोडे दिवस राहिले असताना एका रविवारी किशोर आणि मुरारी पांढऱ्या गाडीतून आले. ज्या किशोरला आईसाठी रजा मिळत नव्हती त्याला धुरासाठी वेळ मिळाला. तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. चूल थंड होती, सारवलेली, आणि तिच्यावर त्याच दिवशीचं ताजं कुंकू होतं. ते बघून त्याला काहीतरी वाटलं असेल, अशी आशा करू. बाहेर येऊन तो म्हणाला ते मात्र वेगळंच.

"काकी, तू शब्द मोडलास."

रंगूबाईने पडवीतून घमेलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. "ह्यात केला इस्तू. पोर तापली व्हती. चुलीला मी हात नाय लावला रे."

"आज घमेलं, उद्या चूल, परवा घरपट्टीला नाव. मला काय कळत नाय?" किशोर म्हणाला. "गनपतीच्या आधी घर खाली कर. आमची मानसं येनार हायत."

अंगणात वाडी जमली होती. पुरुषमंडळी आपापल्या पायांचे अंगठे बघत होती. सारिका त्या दिवशी सुट्टीवर आलेली. तिने आत जाऊन बोचकं बांधायला घेतलं, आणि ते बघून शकूचा बांध फुटला.

"किशोर, लाज धर. मुंबईत बसून गावाच्या नावानं रडतोस, स्टेटसला हिरवे डोंगर लावतोस. ह्या म्हातारीनं तुज्या आयशीची घान काढली, तुजं घर वाळवीच्या तोंडातून काढलं, नि तू तिच्या पेजेचा हिशोब मागतोस? धूर बघायला येवढ्या लांबून आलास. घर पडलं तवा कुठं व्हतास?"

किशोरने मान फिरवली. बोलला तो मुरारी. "वहिनी, तोंड सांभाळ. तळं राखायला दिलं म्हनजे तळं तुजं झालं नाय. तू ज्या घरात राहतेस त्यात माजा अर्धा वाटा हाय, हे इसरू नको."

आयुष्यभर ज्या एका गोष्टीला शकू भ्याली होती, ती दिराने चारचौघांत बोलून दाखवली होती. तिच्या डोळ्यांपुढे वीरचं जावयाचं घर उभं राहिलं असेल. ती म्हणाली, "अर्धा तुजा?"

"अर्धा माजा."

"मग अर्धा माजा. कुठला, ते आता ह्या मानसांसमोर दाखवा भावजी."

मुरारी इरेला पेटला होता. तडक शकूच्या घरात गेला, मधल्या खांबाला थाप मारली आणि म्हणाला, "हा खांब. ह्याच्या पलीकडं माजं, अलीकडं तुजं. खूश?" इतक्या वर्षांत जे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते ते रागाच्या भरात सगळ्या वाडीसमोर निघाले. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

शकूने तुळईवरच्या किल्ल्या एकेक करून काढल्या, पदरात घेतल्या आणि बाहेर येऊन पांढऱ्या गाडीच्या टपावर ओतल्या. रंगीबेरंगी चिंध्यांचा ढीग झाला. "ही तुमची घरं. झाडा, सारवा, वानरं हाकला. ह्याच्यापुढं मला फोन करायचा नाय." असं म्हणून ती वाडीच्या टोकाकडे चालायला लागली.

रंगूबाईच्या पडक्या घरात चुलीची माती पावसाने वाहून गेली होती, पण मातीच्या पोटातले तीन धोंडे जागच्या जागी होते. रंगूबाईच्या सासूने मांडलेले, काळे कुळकुळीत. शकूने एक उचलून डोक्यावर घेतला. मागे वळून बघते तो दुसरा धोंडा सारिकाच्या हातात, आणि तिसरा ओढ्यापलीकडच्या त्या बाईच्या, जिची भाकरी त्या दिवशी पोचली नव्हती. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. एकीने वारुळाची माती आणली, एकीने शेण, एकीने भाताचा तूस. शकूच्या अर्ध्या घरात, तिच्या स्वतःच्या चुलीपासून हातभर अंतरावर, खांबाच्या अलीकडे बायकांनी दुसरी चूल घातली.

रंगूबाई दारात उभी होती, आत येत नव्हती. "शकू, एका घरात दोन चुली. लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, वाटनी झाली," शकू म्हणाली. "झालीच हाय. माज्या वाट्यातला वाटा मी तुमाला दिला. भावजी हायत ना साक्षीला."

मुरारी साक्षीला थांबला नाही. किल्ल्या पिशवीत भरून गाडी खाली गेली. मंडळाने ठराव बिराव केला म्हणतात, शकूच्या घरी कुणी जायचं नाही असा. पूर्वी अशा ठरावाने माणसं उभी वाळायची. या वेळी वाडीतल्या बायकांनी तो ऐकला, आणि संध्याकाळी ओल्या चुलीचं काय झालं ते बघायला नेहमीसारख्या शकूकडे आल्या.

गणपतीला चाकरमानी आले. हायवेच्या खड्ड्यांत रात्र काढून, मूर्ती मांडीवर सांभाळत आले, आणि कुलपं उघडून बघतात तो आत वानरांनी उस्कटलेल्या कौलांतून आलेलं पाणी, जमिनीला ओल, कोपऱ्यात उंदरांची बिळं. सारवण नाही, हंडे भरलेले नाहीत. 'वहिनीनं असं करायला नको होतं,' असं जो तो म्हणत होता. वहिनी इतकी वर्षं काय करत होती, हे त्या दिवशी त्यांना केरसुणी हातात घेतल्यावर कळलं. किशोरचं घर त्यातल्या त्यात बरं होतं, रंगूबाईने जाताना सारवून ठेवलं होतं म्हणून. पण ओल तिथेही चढली होती.

चतुर्थीच्या सकाळी शकूच्या दारात किशोरची बायको सोनाली येऊन उभी राहिली. हातात पळी, नजर खाली. शिमग्यापासून पडलेला सिलिंडर रिकामा निघाला होता. पोलादपूरला नवा मिळायला गर्दी. लाकडं ओली, आनंदीबाईच्या चुलीत धूर होतो पण जाळ धरत नाही. गणपती पाटावर बसलाय आणि नैवेद्य शिजायचाय.

"काकी, थोडा विस्तव मिळेल का?" ती रंगूबाईला म्हणाली. "आणि चार सुकी लाकडं."

शकू आपल्या चुलीपुढून अर्धी उठली. तोंडावर आलेलं तिने कसंबसं गिळलं, कारण मागणं तिच्याकडे नव्हतं. रंगूबाईने आपल्या चुलीतले फुललेले निखारे चिमट्याने निवडून पळीत घातले, वर थोडी राख टाकली म्हणजे वाटेत विझायला नकोत, आणि माळ्यावरची सुकी लाकडं काढून दिली. सोनाली "येते काकी" म्हणाली आणि भुरभुर पावसात पळीवर पदर धरून गेली.

ती वळणापलीकडे गेल्यावर शकू म्हणाली, "द्यायला नको व्हतं. ज्यानं तुमाला चुलीवरून घराभाईर काढलं, त्याच्या चुलीला तुमी इस्तू देता?"

रंगूबाई चुलीतली लाकडं पुढे सारत होती. "इतके दिस मी साऱ्या वाडीकडनं घेत व्हते गो," ती म्हणाली. "आज पयल्यांदा कुनी माज्याकडं मागायला आलं. चूल हाय म्हनून आलं." तिने टोपावरचं झाकण काढून बघितलं. "भात झाला. समीक्षाला हाक मार."